बक्षीस अभिनयाचे की अडचणीचे?

भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो-वागतो. तिथे पात्राच्या स्वभावाला धरून खेळल्याबद्दल बक्षीस ठेवले की बोलका खेळाडूच भाव खाऊन जातो, असा एक आक्षेप आहे. तो मला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या नियमांपुरता मान्य आहे. त्यांत ‘इन्स्पिरेशन’ नावाचे हे बक्षीस द्यायचे की नाही हे डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मर्जीवर असते, आणि खेळाच्या धांदलीत तो ते द्यायचे विसरतोही. मात्र ‘फेट’ या दुसऱ्या भूमिका-खेळातील ‘कंपेल’ या नियमाला तो आक्षेप लागू होत नाही. पात्राचा स्वभाव त्यालाच अडचणीत आणणार असेल, तेव्हा खेळ चालवणारा एक ‘फेट पॉइंट’, म्हणजे खेळात पुढे वापरता येणारा गुण, देऊ करतो. अडचण पत्करली तर तो मिळतो, नाकारायची असेल तर स्वतःजवळचा एक मोजावा लागतो.

आमच्या गटात या पॉइंटांसाठी काचेच्या गोट्या असतात. एरवी गप्प बसणाऱ्या एका मैत्रिणीच्या पात्राचा स्वभाव होता, ‘केलेले उपकार विसरत नाही’. पकडलेला तस्कर तिचा जुना उपकारकर्ता निघाला, तेव्हा पुढे सरकवलेल्या गोटीकडे तिने बराच वेळ पाहिले, ती उचलली आणि त्याचे दोर कापत असल्याचे सांगितले. त्यासाठी तिला एकही संवाद म्हणावा लागला नाही.