बाळुतं, दुपटं, चिरगुट, धडपा : बाळाच्या कापडांचे कोल्हापुरी शब्द

राजारामपुरी :
माझं माहेर नाशिक, सासर कोल्हापूर. घरात तान्हं बाळ आहे त्यामुळं सध्या दिवसभर धुणं, वाळत घालणं आणि घड्या हेच चालू असतं. माहेरी बाळाच्या कापडांना दोनच शब्द ऐकले होते, लंगोट आणि दुपटं, बाकी सगळं फडकं. इथं सासूबाई बाळुतं वेगळं धरतात, चिरगुट वेगळं, धडपा वेगळा, आणि अंथरायला-पांघरायला वाकळ. काल म्हणाल्या, "ते बाळुतं ऱ्हाऊ दे, चिरगुट घे पुसायला", आणि बघायला गेलं तर दोन्ही एकाच जुन्या साडीची. मग फरक कापडात आहे का कामात? मला हे नीट समजून घ्यायचंय, कारण कशाला काय म्हणतात ते कळल्याशिवाय धुण्याच्या मावशींना सुद्धा धड सांगता येत नाही. शब्दकोशातला अर्थ नको, घरात काय बोलतात ते हवंय.

शिवाजी पेठ :
ताई, चांगला विषय काढलासा. फरक कामातच हाय. एक लुगडं फाडलं की त्यातनंच बाळुतं निघतंय आन त्यातनंच चिरगुट. बाळुतं म्हणजे जे बाळाच्या अंगाला लागणार ते, शी-शूसाठी बुडाखाली घ्यायचं, कमरेला गुंडाळायचं. त्याला लुगड्याचा मऊ भाग काढायचा, काठ अजिबात घ्यायचा न्हाई, काठ टोचतोय. आमच्या आईनं कधी कातर लावली न्हाई, दातानं जरा चीर पाडायची आन हातानं टर्रकन फाडायचं, धाग्याला धागा सरळ जातोय. कडेला दुमडून शिवायचं पण न्हाई, शिवण घातली की ती बाळाच्या मांडीला रुततीया. जुनी माणसं बाळोतं पण म्हणायची, गोष्ट तीच.

दुपटं म्हणजे दोन पदरी, नावातच हाय. ते शिवलेलं असतंय, बाळाला गुंडाळून मांडीवर घ्यायला न्हाईतर खाली अंथरायला. लंगोट तिकोनी, नाडीचा. आन चिरगुट म्हणजे उरलंसुरलं, काठाकडचं, विरलेलं, दूध ओकलं की पुसायला, लाळ टिपायला, पाळण्याखाली टाकायला. म्हणून सासूबाई म्हणाल्या बाळुतं ऱ्हाऊ दे. मऊ कापड पुसण्यात घालवायचं नसतंय.

राजारामपुरी :
काकी, खूप छान सांगितलंत, काठाचं तर मला माहितीच नव्हतं. पण मग "अंथरूण-चिरगुट" म्हणतात तेव्हा? सासूबाई "चिरगुटं गोळा कर" म्हणतात तेव्हा त्यात चांगल्या चादरी पण येतात.

कागल :
खेड्यात चिरगुट म्हटलं की कुठलंही कापड, नुसती चिंधी नाही. आमच्याकडं परगावी निघालं तरी विचारतात, "चिरगुटं घेतलीस काय?" म्हणजे अंगावरचे कपडे. संस्कृतात चीर म्हणजे कापडाची पट्टी, वस्त्राचा तुकडा, त्याच घरातला हा शब्द दिसतो. शहरात त्याची किंमत कमी होत होत फाटक्या कापडापुरता उरला. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, बोलणाऱ्याच्या सुरावरनं कळतं.

धडप्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते, कारण माझी आजी सगळं आयुष्य नऊवारीत होती आणि तिच्या तोंडात हे शब्द एका माळेत यायचे. लुगडं नवं असताना सणाला, मग रोजच्याला. रोज नेसून, बसून-उठून ते एका ठरावीक ठिकाणी विरतं, बाकीचं कापड चांगलं असतं. मग विरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडून परत नेसायचं, याला दांड घालणं म्हणायचे. दांडाचं लुगडं नेसणं यात गरिबी होती पण नीटनेटकेपणा पण होता, आजीची दांडाची शिवण नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही, बोट फिरवलं तरच कळायची. पुढं दांड घालून पण भागेना झालं की लुगड्याचा धडपा व्हायचा, म्हणजे नेसायला पुरणार नाही असा मोठा तुकडा. धडपा अंगावर घ्यायचा, शेतात झोळी बांधायला न्यायचा, भाकरी बांधायला घ्यायचा. त्याच्यापुढं मग वाकळंत नाहीतर बाळुत्यात, मग चिरगुट, आणि अगदी शेवटी पोतेरं, चूल सारवायला. "तिचं पोतेरं केलं सासरच्यांनी" असं एखाद्या बाईबद्दल म्हणतात ना, तो शब्द कुठनं आलाय ते हा सगळा प्रवास माहिती असला की लगेच कळतं, आणि ऐकताना पोटात तुटतं.

इचलकरंजी :
आमचं घराणं यंत्रमागावर जगलेलं म्हणून कापडाच्या बाजूनं दोन शब्द. बाळाला जुनंच कापड का, याला कारण आहे. मागावर ताण्याचे उभे धागे सारखे घासले जातात, ते तुटू नयेत म्हणून विणायच्या आधी त्यांना खळ लावतात, इथं त्याला सायझिंग म्हणतात, गावात सायझिंगची वेगळी युनिटंच आहेत. ती खळ नव्या कोऱ्या कापडात राहते म्हणून कोरं कापड हाताला खरबरीत आणि कडक लागतं आणि पाणी पण लवकर पीत नाही. धुऊन धुऊन खळ गेली, धागा मोकळा झाला की कापड मऊ पडतं आणि ओल ओढून घेतं. आजीला सायझिंग माहिती नव्हतं पण "कोरं लावू नको पोराला" हे पक्कं माहिती होतं. नवीन घ्यायचंच असेल तर साधं सुती घ्या, आधी रात्रभर भिजत घाला, मग खळबळून काढा, दोन-चार धुण्यांनंतर वापरा. सिंथेटिक साडीचं बाळुतं करू नका, ते ओल ओढतच नाही, नुसतं पसरवतं.

आणि शब्दचर्चाच चाललीय तर, भांडी विसळायची, कापड खळबळायचं. आजकाल कुणीही "कपडे विसळले" म्हणतं, कानाला खटकतं माझ्या.

गगनबावडा :
मी आशा सेविका म्हणून, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करते, घरोघरी बाळंतिणींकडं जाणं असतं. आमच्याकडं पाऊस किती ते जिल्ह्याला माहिती आहे, जून लागला की बाळुती वाळवणं हेच मोठं काम. त्यामुळं ओल्याचे शब्द आमच्याकडनं घ्या.

आंबटओलं म्हणजे पूर्ण वाळलेलं नाही, पिळलं तर पाणी निघत नाही, हाताला वाळल्यासारखं वाटतं पण गालाला लावलं की गार लागतं. आयांना मी हेच सांगते, हातानं बघू नका, गालाला लावून बघा. सर्दावलेलं म्हणजे चांगलं वाळलेलं, घडी घालून ठेवलेलं, पण हवेनं परत ओलसर झालेलं. हे कपाटातल्या दुपट्यांचं होतं, वरची घडी कोरडी आणि मधली सर्द. सादळलेलं मात्र खाण्याचं, पापड सादळतो, चिवडा सादळतो, बाळुतं सादळलं असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. आणि कुबट म्हणजे वास, आंबटओलं तसंच घडी घालून ठेवलं की दुसऱ्या दिवशी जो येतो तो. असं कापड बाळाला लावायचं नाही, परत धुवायचं.

पूर्वी शेगडीवर डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथं घालून त्याच्यावर बाळुती पसरायचे, खालनं निखाऱ्याची ऊब. आता कुणी केलं तर मी एवढंच सांगते की बाळ असलेल्या खोलीत नको, धूर त्याच्या छातीला चांगला नाही. आंबटओल्यावर इस्त्री फिरवली तरी काम होतं.

बांधण्याबद्दल पण सांगते, विषय निघालाच आहे. दुपट्यात बाळाला गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट आवळू नका, खुब्याच्या सांध्याला ते वाईट असतं. हात-छाती गुंडाळली तरी पाय आत बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, आणि बाळ पालथं पडायला लागलं की गुंडाळणं बंद. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना जड वाकळ, उशी, सैल पांघरूण काही देऊ नका, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. थंडी वाटली तर अंगात एक झबलं जास्त घाला. आजीच्या वाकळंची ऊब मोठ्या पोरांना, बारक्याला नाही.

मंगळवार पेठ :
सगळ्या बायका बोलाल्यात म्हणून गप्प होतो पण लंगोटाचं ऱ्हायलं. कोल्हापुरात लंगोट म्हटलं की बाळाच्या आधी तालीम डोळ्यापुढं येतीया. आमच्या पेठेत लंगोट लावणं म्हणजे कुस्ती सुरू करणं, आणि लंगोटाचा पक्का म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान 1912 चं, तेव्हापासनंचे पैलवान घराघरात हाईत, त्यामुळं आमच्या आजीनं बाळाच्या लंगोटाला कधी लंगोट म्हटलंच नाही, ती म्हणायची "लंगुटी". लंगोट पैलवानाचा, लंगुटी बाळाची. लंगोटीयार मधली पण हीच लंगोटी, ज्याच्याबरोबर तेवढ्यावर खेळलो तो मैतर.

आता माझ्या घरात पोरीला डायपर, आणि माझी आई सगळ्या डायपरला सरसकट हगीज म्हणते, कुठल्या का कंपनीचा असेना. हा पण शब्द आता घरातलाच झाला, नोंद करून ठेवा.

गडहिंग्लज :
वाकळ आणि गोधडी यावर कुणीच काही बोललं नाही, मला वाटलं तिथूनच सुरुवात होईल. वस्तू एकच, पण आमच्या सगळ्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगलीकडं, वाकळ. पुण्याकडं गोधडी. आमच्या इथनं सीमा ओलांडली की कन्नडमधे कौदी. वाकळ हा शब्द वल्कलावरनं आला असं सांगतात, ऋषीमुनींच्या झाडाच्या सालीवरनं आमच्या अंथरुणापर्यंत. मला तो शब्द जास्त आवडतो कारण गोधडी म्हटलं की आता प्रदर्शनातली रंगीत, मशीनवर शिवलेली विकत मिळते तीच डोळ्यापुढं येते. वाकळ विकत आणायची नसते, घरातल्या माणसांच्या कापडांची असते. खाली-वर लुगडं, मधे धोतर, जुने शर्ट, फाटक्या चादरी, सगळं अंगणात ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे आणि कडेकडेनं आत धावदोरा घालत यायचं. दोरा ओळीनं जातो, ओळीत चार बोटांचं अंतर, आणि टाका बारीक असेल तर वाकळ वर्षानुवर्षं टिकते. आतलं कापड गोळा झालं तर म्हणायचं वाकळंला गठळ्या झाल्या, म्हणजे शिवणारीनं दोरा लांब टाकला. बाळासाठी केली तर लहान आणि पातळ करतात, दोनच थराची, कुणी तिला दुपटंच म्हणतं. म्हणजे दुपटं आणि वाकळ यांची सीमा तिथं पुसट होते बघा.

आणि वाकळ धुणं! घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणजे धुवायचंच, त्याला आमच्याकडं दसरा काढणं म्हणतात. "दसरा काढला काय?" म्हणून विचारतात, बाहेरच्या माणसाला कळतच नाही काय काढायचं ते. त्या आठवड्यात नदीला, तळ्याला, पंचगंगेच्या घाटावर अख्खी घरं उतरलेली असतात, टेम्पो भरून वाकळा. कोरडी वाकळ एक पोर उचलतं, तीच भिजली की दोन बायकांना आवरत नाही, दोन टोकं धरून दोघी उलट्या दिशेनं पिळतात आणि मधनं पाण्याची धार लागते. पिळायच्या आधीच्या धुण्याला शब्द आहे चुबकणं, दगडावर धुणं आपटत चुबकून काढायचं. वॉशिंग मशीनमधे वाकळ घालू नका, आतलं कापड एका कोपऱ्यात जातं आणि मशीनचं पण वाटोळं होतं.

शिवाजी पेठ :
गडहिंग्लजच्या ताईंनी दसऱ्याचं लई बेस सांगितलं. एक राहिलं, बाळंतिणीची वाकळ वेगळी असायची. बाराव्याला बारसं झालं की ती धुऊन टाकायची आन मग घरात घ्यायची, तोवर कुणी तिच्यावर बसायचं न्हाई. आन बाळाचं पहिलं अंगडं-टोपडं कोरं न्हाई शिवायचं, घरातल्या थोराच्या जुन्या धोतराचं न्हाईतर लुगड्याचं करायचं, त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. इचलकरंजीच्या भावानं खळीचं सांगितलं ते पण त्यात असंल, पण आमच्या आईच्या तोंडी आयुष्याचंच हुतं.

राजारामपुरी :
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या धडप्यापाशी थांबल्या आणि कपाटातनं त्यांच्या सासूबाईंचं एक दांडाचं लुगडं काढून आणलं, हिरवं, इरकली काठाचं. दांड शोधायला मला खरंच बोट फिरवावं लागलं, आणि सापडल्यावर पण टाके मोजता येईनात इतके बारीक. ते फाडायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. बाळुत्यांना दुसऱ्या दोन सुती साड्या काढल्यात, दातानं चीर पाडून फाडायचं त्यांनी शिकवलं.

आता एक प्रश्न त्यांच्याकडून आलाय. त्यांची मावशी चंदगडची होती आणि बाळाला पाठीशी बांधायच्या कापडाला ती वेगळंच काहीतरी म्हणायची, झोळी नाही आणि धडपा पण नाही, त्यांना शब्द आठवत नाही. चंदगड, आजऱ्याकडचं कुणी असेल तर सांगा, आणि ते कसं बांधतात ते पण लिहा, गाठ पुढं येते का खांद्यावर.