प्रोटॉन पॅक रेप्लिका: हा सोनेरी खाचांचा पार्ट नक्की कुठला?

बॅकपॅकवाला:
मंडळी एक मदत हवीये. घोस्टबस्टर्सचा पहिला पिक्चर, १९८४ चा, त्यातल्या प्रोटॉन पॅकची, म्हणजे भुतं पकडणाऱ्यांच्या पाठीवरच्या यंत्राची, रेप्लिका करतोय. शेल झालं, रंग झाला, आता वर बसवायचे बारीकसारीक पार्ट राहिलेत आणि गाडी तिथेच अडलीये. फ्रेम थांबवून झूम करकरून डोळे दुखायला लागले तरी काही गोष्टींची नावंच कळत नाहीयेत, आणि नाव माहिती नसलं की सर्चमध्ये टाकायचं तरी काय.

मुख्य प्रश्न एका सोनेरी ठोकळ्याचा. अंगावर लांबीच्या दिशेने खाचा, खाली दोन्ही बाजूंना चपटे कान आणि त्यात स्क्रूची भोकं, दोन टोकांना तार जोडायच्या छोट्या पट्ट्या. एकाने सांगितलं कपॅसिटर आहे, दुसऱ्याने सांगितलं हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा तुकडा आहे. मला दोन्ही पटत नाहीये.

दुसरं म्हणजे पितळी रंगाचा एक षटकोनी तुकडा दिसतो, त्याला नळी जोडलेली आहे. हा कुठला कनेक्टर? रंगीबेरंगी फ्लॅट केबल मात्र ओळखू आली, ती घेऊन ठेवलीये.

सोनेरीसारखाच एक ठोकळा ऑनलाइन विकायला आहे, विकणारा म्हणतोय "१९८० च्या सुरुवातीचा, अगदी पिक्चरच्या वेळचा" आणि त्या हिशोबाने भावही लावलाय. त्यावर विशे डेल असं छापलंय, मग आरई७०जी आणि खाली ८७३१. घेऊ का?

ओहमभाऊ:
कपॅसिटर नाही आणि नुसता हीटसिंकही नाही. तो वायरवाउंड रेझिस्टर आहे, म्हणजे तार गुंडाळून केलेला, विजेच्या प्रवाहाला अडवणारा पार्ट, ॲल्युमिनियमच्या केसमधला. आत सिरॅमिकच्या दांडीवर रेझिस्टन्स वायर गुंडाळलेली असते आणि बाहेरचं खाचांचं कवच उष्णता बाहेर टाकायला. कान आणि भोकं त्यासाठीच, हा मेटलच्या चॅसिसला, म्हणजे मशीनच्या पत्र्याच्या सांगाड्याला, घट्ट आवळून बसवायचा असतो म्हणजे सगळा पत्राच हीटसिंक होतो. पॅकवरचे डेल कंपनीचे, हे रेप्लिकावाल्यांमध्ये पक्कं झालेलं आहे.

आता त्या विकणाऱ्याबद्दल. ८७३१ ही डेट कोड आहे, पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा, म्हणजे १९८७ सालचा ३१ वा आठवडा. पिक्चर १९८४ चा. शिवाय विशे कंपनीने डेलमध्ये हिस्सा घेतला तोच १९८५ साली, त्यामुळे "विशे डेल" असं जोडनाव दिसलं की पार्ट पिक्चरनंतरचा हे कोड न वाचताही कळतं. शूटिंगच्या वेळचा हवा असेल तर नुसतं डेल छापलेला शोध. आरई७०जी म्हणजे मिलिटरी स्पेकचं नाव, आरई७० हा त्यांचा साइजचा कोड, डेलच्या आरएच-२५ ला समांतर. लिस्टिंग लावणाऱ्या अर्ध्या लोकांना ही दोन नावं एकाच गोष्टीची आहेत हे माहिती नसतं, सर्च करताना दोन्ही टाकून बघ.

डेट कोड वाचताना एक काळजी घे, चार आकडे दिसले म्हणजे प्रत्येक वेळी तारीखच असं नाही. सत्तरच्या दशकातल्या आयसीवर (चिपवर) ७४०२ लिहिलेलं असलं तर ते १९७४ चा दुसरा आठवडाही असू शकतं आणि लॉजिक चिपचा नंबरही असू शकतो. बऱ्याचदा दोन्ही एकाच चिपवर असतात, मग आजूबाजूची अक्षरं बघून ठरवायचं. ७४ च्या आधी एसएन आणि शेवटी एन असेल तर तो पार्ट नंबर.

बॅकपॅकवाला:
अरे वा, हे भारीच. म्हणजे "पिक्चरच्या वेळचा" ही थाप होती. पण साइज कुठली घ्यायची? शोधलं तर ५ वॉटपासून चढत्या क्रमाने सगळे सापडतात आणि सगळे दिसायला एकाच आईची लेकरं.

ओहमभाऊ:
फोटोवरूनच माप काढ की. मोजपट्टी तुझ्याकडे आहे. ती रंगीत फ्लॅट केबल. नेहमीच्या फ्लॅट केबलमध्ये एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंत १.२७ मिमी असतात, म्हणजे दहा तारांना १२.७ मिमी. आणि तारा मोजायलाही सोपं, कारण रंगांचा क्रम रेझिस्टरच्या कलर कोडचाच असतो, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा, काळा आणि मग परत तपकिरी. दोन तपकिरी तारांमधलं अंतर म्हणजे १२.७ मिमी, संपला विषय.

अशी फ्रेम शोध जिथे पॅक कॅमेऱ्याकडे सरळ आहे आणि केबल नि रेझिस्टर साधारण एकाच खोलीवर आहेत. तिरक्या फ्रेममध्ये लांबी आखूड दिसते, त्यामुळे दोन-तीन फ्रेम घेऊन ताडून बघ. मग नुसत्या धडाची लांबी काढ, टोकाच्या पट्ट्या सोडून. १० वॉटचं धड अंदाजे १९ मिमी, २५ वॉटचं २७ च्या आसपास, ५० वॉटचं जवळजवळ ५०. यात इतका फरक आहे की मापात दोन मिमी चुकलं तरी उत्तर चुकणार नाही.

खिळेठोके:
पितळी तुकड्याचं मी सांगतो. तो इलेक्ट्रॉनिक नाहीच, उगाच कनेक्टरच्या कॅटलॉगमध्ये रात्र घालवू नकोस. हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनमधले न्यूमॅटिक पार्ट आहेत ते. पॅकवर क्लिपार्ड कंपनीचे व्हॉल्व्ह आहेत आणि नळ्या जिथे काटकोनात वळतात तिथली कोपऱ्याची फिटिंग लेग्रीची. प्रॉप बनवणाऱ्यांना वीज-हवा-पाणी काही फरक पडत नाही रे, जे हाताला लागलं आणि दिसायला मशीनसारखं वाटलं ते चिकटवलं. म्हणून ओळखताना आधी हा विचार करायचा की या गोष्टीतून वीज जाते का हवा. नळी आत घुसलीये आणि वर चावी लावायला षटकोन आहे म्हणजे हवा नाहीतर पाणी.

आणि एक महत्त्वाचं, कुठल्या पॅकचा फोटो बघतोयस ते आधी बघ. हीरो पॅक, म्हणजे जवळून दाखवायचे, फायबरग्लासचे आणि खरे पार्ट लावलेले, पण मारामारी-धावपळीच्या सीनसाठी फोम रबरचे हलके पॅक होते आणि त्यांच्यावर बरेचसे पार्ट साच्यातच ओतून काढलेले. त्यावर कितीही झूम कर, खाचा गुळगुळीत आणि कडा गोलच दिसणार. १९८९ च्या दुसऱ्या भागासाठीही हलके पॅक बनवले होते, त्यांचे फोटो पहिल्या भागाच्या नावाने सर्रास फिरतात. दोन्ही एकत्र करून बसलास तर पॅक कुठल्याच पिक्चरचा राहणार नाही.

तिसरी_भिंत:
एवढा कुटाणा कशाला? थ्रीडी प्रिंट करा, सोनेरी स्प्रे मारा, दोन फुटांवरून कुणाला कळणारे.

खिळेठोके:
दोन फुटांवरून नाही कळणार, पण लोक पॅकला नाक लावून बघतात तो भाग वेगळा. स्प्रेचा सोनेरी आणि अॅनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा सोनेरी यात फरक आहेच, दुसऱ्यात खालचा धातू चमकतो आणि खाचेच्या कडेला उजेडाची रेघ येते. प्रिंटमध्ये लेयरच्या रेघा खाचांच्या रेघांमध्ये घुसतात आणि त्या घासून काढणं म्हणजे डोक्याला ताप. बरं हा पार्ट अजूनही नवा बनतो, डिझाइन फारसं बदललेलं नाही, मग खोटा कशाला लावायचा? दुर्मिळ पार्टचं प्रिंट काढ, माझी ना नाही.

उलट जुन्या पार्टसाठी चालू वस्तू फोडणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. १९७७ च्या स्टार वॉर्समधल्या ल्यूकच्या लाइटसेबरचं हँडल म्हणजे ग्राफ्लेक्सच्या फ्लॅशगनची दांडी आणि क्लॅम्पमध्ये खोचलेली फुगवट्यांची पट्टी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झॅक्ट्रा कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरचं भिंग. तेव्हा एलईडीचे आकडे इतके बारके असायचे की प्रत्येकावर एक भिंग लागायचं. आता त्या एका प्लास्टिकच्या पट्टीसाठी चांगले चालणारे कॅल्क्युलेटर उघडून बाकीचं फेकून देतात. तिथे कॉपी घ्या ना राव.

बॅकपॅकवाला:
मापं काढली. सरळ दिसणाऱ्या फ्रेममध्ये ठोकळ्याचं धड दोन तपकिरी तारांच्या अंतराच्या दुपटीहून थोडं जास्त भरतंय, म्हणजे साधारण २६-२७ मिमी. तिरक्या फ्रेममध्ये कमी आलं पण १९ च्या जवळपासही नाही गेलं. मग २५ वॉटच ना?

ओहमभाऊ:
हो, २५ च. ५० वॉटचा असता तर चौपट आला असता जवळजवळ. ओहमची व्हॅल्यू कुठलीही चालेल, कुणाला नको असलेली विचित्र व्हॅल्यू घे, पडून असलेली मिळते. फक्त छपाईची बाजू वर येईल असा बसव.

बॅकपॅकवाला:
आणि लाइट्सच्या सर्किटमध्ये हाच रेझिस्टर खरोखर वापरला तर? नुसता शोभेला ठेवायला जीवावर येतंय.

ओहमभाऊ:
एलईडीच्या करंटला काहीच होणार नाही, खुशाल वापर. पण २५ वॉट आहे म्हणून मोठा लोड टाकू नकोस, तो आकडा मेटलच्या चॅसिसवर आवळलेला असताना असतो. फायबरग्लासवर बसवला की उष्णता जायला जागाच नाही, झेपण्याची ताकद बरीच खाली येते आणि खालचा तुझा रंग आधी फुगेल. जोडण्याआधी मल्टीमीटरने व्हॅल्यू तपास, जुन्या स्टॉकमध्ये आतली तार तुटलेले निघतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

बॅकपॅकवाला:
झालं. नुसतं डेल छापलेला, ८२१९ कोडचा एक मिळालाय, विकणाऱ्याला ते काय आहे हेही माहिती नव्हतं, "सोनेरी इलेक्ट्रिक पार्ट" एवढंच लिहिलेलं. आता क्लिपार्डच्या मागे लागतो, त्यासाठी वेगळा धागा काढतो.