मदत हवी आहे: टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) ४ टक्के, तरी सोर्स रॉक नाही?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या सेमिनारसाठी तेल-वायू देणाऱ्या खडकांवर (सोर्स रॉक) वाचतोय. प्लवक मरून तळाशी जातात, ऑक्सिजन नसेल तर फारसे कुजत नाहीत, गाळाखाली गाडले जाऊन केरोजेन, म्हणजे खडकातलं घट्ट सेंद्रिय द्रव्य, होतं, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला तेल आणि त्याहून वर वायू. इथवर ठीक.

पण आधी काय लागतं, ऑक्सिजन नसणं की भरपूर प्लवक? काळ्या समुद्रात सुमारे २०० मीटरखाली ऑक्सिजन नाहीच, म्हणून पडेल ते टिकतं. पेरूच्या किनाऱ्याजवळ मात्र खालून पोषक पाणी वर येतं, प्लवक उदंड वाढतात आणि ते कुजतानाच ऑक्सिजन संपतो. म्हणजे ऑक्सिजनचा अभाव हे कारण की परिणाम?

शिवाय सरावाला मिळालेला हा काळा शेल (चिखलाचा खडक): टीओसी ४ टक्के, हायड्रोजन इंडेक्स (सेंद्रिय द्रव्यात तेलाला लागणारा हायड्रोजन किती, याचं माप) ९०, टीमॅक्स (प्रयोगशाळेत खडक तापवताना सर्वाधिक तेल-वायू सुटतो ते तापमान) ४२८ अंश. सर म्हणतात, यातून तेल निघणार नाही. का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
कारण की परिणाम हा वाद जुना आहे, त्यात सेमिनार घालवू नका. दोन्ही वाटांनी सोर्स रॉक बनतात. गाळाचा वेगही बघा. फार हळू साचला तर सेंद्रिय द्रव्य उघड्यावर कुजतं, फार भराभर आला तर चिखलात पातळ होतं.

तुमच्या नमुन्याचं उत्तर टीमॅक्समध्ये आहे. ४३५च्या खाली म्हणजे खडक अजून कच्चा, तेल बनण्याइतका तापलेला नाही. तेव्हा तेल निघून गेल्यामुळे हायड्रोजन घटला, असं म्हणता येत नाही. तो मुळातच कमी होता. टीओसी फक्त कार्बन मोजतं, तो कसला आहे ते सांगत नाही. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हरचा शेलही कच्चाच, पण तळ्यातल्या शैवालाचा, म्हणून त्याचा इंडेक्स कितीतरी वर असतो. तुमच्याकडे बहुधा जमिनीवरच्या झाडांचा कचरा आहे, नाहीतर गाडलं जाण्याआधीच ऑक्सिडेशन झालंय. खडकाला कागदासारखे पातळ थर दिसतात का?

धागाकर्ता
थर नाहीत. भिंगाखाली किड्यांनी पोखरल्यासारख्या बारीक नळ्या आणि काळे, चकचकीत काडीसारखे तुकडे दिसतात.

प्रतिसाद १
मग तळाशी किडे जगत होते, म्हणजे ऑक्सिजन होता. काड्या बहुधा व्हिट्रिनाइटच्या, लाकडातून आलेल्या. टाइप ३ केरोजेन (झाडांपासूनचं, कमी हायड्रोजनचं) धरा. खोल गाडला गेला तर हा वायू देईल, तेलाची आशा नको. पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री करा आणि तो फोटो सेमिनारमध्ये टाका.