धनुष्य घेताना पाउंडांच्या आधी ड्रॉ लेंथ बघा
लाँगबो (साधं लांब धनुष्य) सोडून वापरलेला कंपाउंड (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) घेताय, आणि इथे चर्चा सगळी पाउंडांचीच, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचीच चाललीय. माझ्या मते ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती लांब ओढली जाते ते, आधी. लाँगबो जो तो आपल्या हाताप्रमाणे ओढतो. कंपाउंडमध्ये ती लांबी कॅमच (टोकावरचं चाक) ठरवतो, पुढे दोरी जातच नाही. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा, अडीचने भागा, अंदाज येतो. मग लिंब्जवरून (धनुष्याच्या लवणाऱ्या पात्यांवरून) कापसाचा बोळा हळूहळू फिरवा, कॅमजवळच्या खाचेत तर नक्कीच. तंतू अडकले तर चिरेची शंका धरा आणि सौदा सोडा. दोरी-केबल झिजलेल्या असतील तर बदलता येतात, पण सहसा बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो, तो खर्च किमतीतून वळता करून घ्या. आणि तुमचे लाकडी बाण यावर कृपा करून लावू नका, फुटून हातात घुसतात.