सरकारी कार्यालयात शिरल्याचा गुन्हा दाखल. पोलीस थान्यातून नोटीस आली आहे, पुढे काय?

सुदामानगरकर
भाचा इंदूरला एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतो. काही मुलं एका सरकारी कार्यालयात ज्ञापन (निवेदन) द्यायला गेली, त्यांत तोही होता. बॅरिकेड सरकवून सगळे वरच्या मजल्यावर गेले, घोषणा दिल्या. तोडफोड नाही, कुणाला हात लावलेला नाही. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची 329(4) (इमारतीत बेकायदा शिरणं), 221 (सरकारी कामात अडथळा) आणि 223 (सरकारी आदेश मोडणं) ही कलमं आहेत. अटक होईल का? ओळखीचे एक जण म्हणतात, पहिल्याच पेशीला (कोर्टाच्या तारखेला) गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. पुढे नोकरीला अडचण येईल का?

पलासिया_वकील
काका, आधी नोटीस नीट वाचा. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, जामीन, खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) 35(3) खाली असेल, तर दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी भाच्याने हजर राहायचं. हजर राहिला आणि सहकार्य केलं, तर कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. टाळाटाळ केली तर मात्र हे संरक्षण जातं. जाताना नोटिशीची आणि आधारची प्रत न्यावी, हजेरीची लेखी पोच मागावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते आणि तिथे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

तिन्ही कलमं जामीनपात्र आहेत. 329(4) ला एक वर्षापर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 221 ला तीन महिने किंवा 2500 रुपये. लक्ष ठेवायचं ते न्याय संहितेच्या 132 वर, म्हणजे काम रोखण्यासाठी सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ढकलाढकलीत एखादा शिपाई पडला तरी हे कलम मागाहून जोडलं जातं. विवेचकाकडे (तपास अधिकाऱ्याकडे) अधूनमधून चौकशी करत राहा. जोडलं जाण्याची चिन्हं दिसली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा. नुसत्या घोषणांनी 132 लागत नाही, बळाचा वापर दाखवावा लागतो.

221 आणि 223 मध्ये पोलीस हमखास एक कच्चा दुवा ठेवतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 प्रमाणे संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः कोर्टाकडे लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्टाला या दोन्हींची दखल घेता येत नाही. नुसतं थान्याचं चालान (आरोपपत्र) पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सी. मुनिअप्पन प्रकरणात जुन्या दंड संहितेच्या 188 बद्दल (आताचं 223) हेच सांगितलंय. चालानाच्या कागदांत ती तक्रार आहे का, हे वकिलाने सगळ्यात आधी पाहावं.

223 साठी कुठला आदेश मोडला, त्याची प्रत मिळवा. डिसेंबर 2021 पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्त प्रणाली आहे, त्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 चा मनाईहुकूम बहुधा पोलीस आयुक्तांचा असतो. त्याची मुदत दोन महिने. वाढवायची तर राज्य सरकारने. तारीख उलटून गेलेला हुकूम लावलेला असतो, आणि कधी ते कार्यालय हुकुमाच्या हद्दीतच नसतं.

रामबाग_१९
वरच्याला जोड. अतिक्रमणात, म्हणजे 329 मध्ये, नुसतं आत जाणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला (जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला) धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. मंगळवारच्या जनसुनवाईला (लोकांच्या तक्रारी ऐकतात तेव्हा) कलेक्टर कार्यालयात कुणीही जातो, तो त्याचा हक्कच आहे. प्रश्न उभा राहतो तो 'बाहेर जा' असं सांगितल्यानंतर. तेव्हा भाचा कुठे होता? पायऱ्यांवर, कॉरिडॉरमध्ये, की साहेबांच्या दालनात? यासाठी सीसीटीव्ही आजच मागा. फुटेजवर नवं चित्रण चढतं, मग काही हाती लागत नाही. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा लिहून कार्यालयात आणि थान्यात 'चित्रण जपून ठेवावे' असा अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. स्वतःच्या मोबाइलमधला मूळ व्हिडिओ पुसू नका. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत कामाची नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र मूळ उपकरणावरून द्यावं लागतं.

तिलकनगर_ताई
काका, गुन्हा कबूल करू देऊ नका! दंड पाचशेचा असला तरी ती दोषसिद्धी आहे आणि पडताळणीच्या फॉर्ममध्ये आयुष्यभर लिहावी लागते. सगळ्यांना लवकर मोकळं व्हायचं असतं, आणि नेमकं तिथेच मुलांचं नुकसान होतं. 329 मध्ये ताबेदाराशी राजीनामा (म्हणजे आपसात तडजोड) होऊ शकतो, त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच. आणि या तिन्ही कलमांपुरती कोर्टाने दखल घ्यायची मुदत साधारण एक वर्षाची आहे. चालान उशिरा आलं तर तो मुद्दा आधी घ्या.

फॉर्ममध्ये 'गुन्हा दाखल आहे का' असं विचारलं असेल, तर खरं लिहा. अवतार सिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्ह्याकडे नेमणूक करणाऱ्याने कसं पाहावं हे सांगितलंय. लपवलेलं उघड झालं, की त्याच कारणाने नोकरी जाऊ शकते.

सुदामानगरकर
फार आभार. संघटनेचे पुढारी म्हणताहेत, सरकार केस मागे घेईल. तोवर थांबावं का?

पलासिया_वकील
थांबू नका. केस मागे घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली अर्ज सरकारी वकिलाने करायचा असतो आणि कोर्टाची परवानगी लागते. 13 मार्च 2015 ला केरळ विधानसभेत आमदारांनी मोडतोड केली होती. सरकारला तो खटला मागे घ्यायचा होता, पण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. तुमच्याकडे तोडफोड नाही, म्हणून बाजू बरी आहे. पण पेशी चुकली तर वॉरंट निघेल, पुढाऱ्याचा शब्द तिथे उपयोगी पडणार नाही. शिवाय, हे सगळं साध्या कार्यालयापुरतं. महूचा लष्करी भाग किंवा आरआरकॅट (इंदूरचं अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र) अशा ठिकाणी सरकारी गुपिते कायदा, 1923 लागण्याची शक्यता असते. ती बाब वेगळीच.

रामबाग_१९
पासपोर्ट काढायचा असेल तर तेही आत्ताच पाहा. कोर्टात खटला चालू असताना केंद्र सरकारच्या 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. अर्जातच मुदत मागून घ्या.