टचपॅडचं क्लिक कडक झालंय, कर्सर मात्र नीट फिरतो

प्रश्न: जुना लॅपटॉप. डावं क्लिक दाबलं जात नाही, कधी आपोआप दाबलं जातं. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला. नवा पॅड मागवू का?

खटपट्या: थांबा! लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो का? पॅडची कड वर आलीय का? बऱ्याच मॉडेलांत बॅटरी पॅडखालीच असते. ती फुगली की पॅड खालून रेटला जातो. तसं असेल तर चार्जर काढा, मशीन बंद ठेवा. बॅटरी चिकटवलेली असेल तर उचकटू नका, टोचली गेली तर पेट घेते. सरळ दुकानात द्या.

सोल्डरवाला: बॅटरी सपाट असेल तर पॅडच्या कडेला अडकलेला कचरा काढा. काही मॉडेलांत क्लिकचा बारीक स्क्रू असतो. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग स्क्रू पाव फेराच फिरवा. रिबन केबलला (पॅडला बोर्डाशी जोडणारी चपटी पट्टी) इथे हात लावायची गरज नाही, ती सैल असती तर कर्सरही अडखळला असता.

प्रश्नकर्ता: कड वर आलीय, डुगडुगतोही.

खटपट्या: मग बॅटरीच. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवूनच नवी घ्या. पॅड बहुधा शाबूत असेल. जुनी कचऱ्यात नको, ई-कचरा केंद्रात.