हिपॅटायटिस सी आहे, बाळाला अंगावर पाजू का?

नवी बाळंतीण: बाळ अकरा दिवसांचं. सातव्या महिन्यात माझ्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. सासूबाई वाटी-चमचा घेऊन बसल्यात, ‘वरचं दे’ म्हणून. इकडे पान्ह्याने ब्लाऊज भिजतोय. त्यात डाव्या बोंडाला चीर पडलीय, काल दुपट्यावर रक्ताचा ठिपका दिसला.

निवृत्त सिस्टर: अगं, हा यकृताचा आजार रक्तातून जातो, दुधातून नाही. पाज बिनधास्त. (एचआयव्ही निगेटिव्ह आहे ना? मग झालं.) फक्त रक्त येतंय ती बाजू थांबव. तिकडचं दूध दर दोन-तीन तासांनी पिळून टाकून दे, नाहीतर गाठी धरतील. चीर भरली की पुन्हा सुरू. आणि पकड बघ, नुसतं बोंडच तोंडात असेल तर चिरा पडणारच.

याच आजारातून गेलेली आई: बाळाची अँटीबॉडी (आजाराविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं) टेस्ट 18 महिन्यांआधी करू नका, आईच्याच अँटीबॉडी दिसतात. मी चौथ्या महिन्यात केली आणि आठवडाभर रडले! लवकर कळायला हवं तर दोन महिन्यांनंतर आरएनए टेस्ट करतात, ती रक्तात विषाणूच आहे का ते बघते. माझा 12 आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स दूध तोडल्यावर झाला, सरकारी योजनेत फुकट.

नवी बाळंतीण: उजवीकडून पाजलं. ढेकर देऊन झोपलाय. वाटी-चमचा अजून उशाशीच आहे.